पावणाईच्या वळणावर उतरवलेलं जाकीट

मी एक जाकीट बोलतोय. बिनबाह्यांचं, भडक पोपटी रंगाचं, छातीवर आणि पाठीवर चंदेरी पट्टे असलेलं. रस्त्याच्या कामावरची माणसं घालतात ना, तेच. माझ्या पाठीवर काळ्या ठळक अक्षरांत 'रस्ता कामगार' असं छापलंय. तुम्ही मला पुष्कळदा पाहिलं असेल, पण माझ्याकडे कोणी कौतुकाने वळून बघितलंय असं काही झालेलं नाही. माझी सारी कहाणी लाजेचीच आहे. थोडी माझी, थोडी मला घालणाऱ्या बाईची आणि बरीचशी तिच्या नवऱ्याची.

जन्माचं सांगण्यासारखं काही नाही. कुठल्याशा शहरात पत्र्याच्या शेडमध्ये मशिनीखालून माझ्यासारखी जाकिटं ढिगाने बाहेर पडत होती. काखेतला दोरासुद्धा कोणी तोडला नाही, तो अजून लोंबतोय. मग गोणीत भरून मी टेम्पोतून बांद्याला आलो, हायवेच्या कामावर.

माझा पहिला मालक भिकाजी. तिथल्याच एका वाडीतला. भातशेती उरकली की रोजंदारीवर जाणारा. रस्ता जिथे एकेरी केला होता तिथे तो हातात लाल-हिरवं निशाण घेऊन उभा राही. गोव्याकडून भरधाव येणारे ट्रक मला लांबून बघत आणि वेग कमी करत. भिकाजी घामाने भिजायचा, त्याच्याबरोबर मीही भिजायचो, आणि दुपारी मला काजूच्या फांदीवर वाळत टाकून तो भाकरी खायला बसायचा. मला माझी लाज वाटली नाही, असे तेवढेच दिवस.

काम संपलं तेव्हा मला परत कोणी मागितलं नाही. भिकाजीने मला स्वच्छ धुतलं, घडी घातली आणि भाऊबीजेला आपल्या बहिणीकडे आणलं. बहीण सारिका, आचऱ्याच्या अलीकडच्या एका वाडीत दिलेली. तिने ओवाळलं. त्याने ताटात साडी ठेवली आणि साडीवर मला ठेवलं.

"ह्यां काय रे दादा?" सारिकाने विचारलं.

"सायकलीर जाताना घाल."

सारिकाचा नवरा गुरुदास तिथेच खुर्चीत बसला होता. तो खो खो हसला. "भिकाजीनू, ओवाळणीक कोण कामगाराचा जाकीट घालता काय?"

"हसा तुमी भावोजीनू," भिकाजी म्हणाला. तो स्वतः हसला नाही. "थंय हायवेर माझ्या डोळ्यांसमोर एका सायकलवाल्याक गाडयेन उडवल्यान. गाडयेवालो रडत होतो. माका दिसाकच नाय, दिसाकच नाय, इतक्याच बोलत होतो." मग तो बहिणीकडे वळला. "आणि गडग्याक चिकटान चलव नको गो. तू कडेक गेलंस की गाडयेवाल्याक वाटता, जागा आसा, घुसूया. हातभर लांब चलव. वळणार मागे बघ."

ताटातल्या निरांजनाचा उजेड माझ्या पट्ट्यावर पडला आणि मी उगाच झगझगलो. सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्या साडीखाली लपता आलं असतं तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

सारिका समुद्रकाठच्या एका न्याहारी-निवासात स्वयंपाकाला जायची. दुपारी निघायचं, पाहुण्यांचं रात्रीचं जेवण करून ठेवायचं आणि तिन्हीसांजेला परत यायचं. वाटेत अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या बुटक्या भिंती, म्हणजे गडगे, पावलोपावली वळण. पूर्वी या रस्त्यावरून एसटी आणि दोन-चार रिक्षा जायच्या. आता हिवाळा लागला की पर्यटकांच्या गाड्यांची रांग असते. त्यांची एक नजर रस्त्यावर, एक फोनमधल्या नकाशावर. समोरून येणारा अप्पर लाइट काही खाली करत नाही. शहाळी प्यायला थांबलेला मागे न बघता धाडकन दार उघडतो. सायकलवाला म्हणजे गडग्याचाच एखादा चिरा, असं समजून सगळे जातात.

पहिल्या दिवशी सारिकाने मला घरातूनच घातलं. साडीच्या पदरावरून पुढचे पट्टे ओढून नीट केले, आरशात बघितलं, जराशी हसली. वाडीच्या तोंडाशी पावणाई देवीचं देऊळ आहे, अगदी रस्त्याच्या वळणावर. देवळाच्या पारावर दुपारपासून चार माणसं बसलेली असतात. त्यांचा म्होरक्या महादू. तो उभा जन्म जहाजावर नोकरी करून आलेला. त्याच्या तोंडाला कुलूप नाही, पण मनात काही नसतं.

"काय गो सारिके," तो ओरडला, "खड्डे कधी बुजवतलस?"

पार हसला. कोणीतरी म्हणालं, "डांबर हाडलंस काय?" सारिकाही हसली. तोंडाने हसली. पण मी तिच्या पाठीवर होतो. ती पाठ कशी तापली आणि कशी आक्रसली, ते मला ठाऊक आहे. माझ्या पाठीवरची ती अक्षरं त्या क्षणी पुसून टाकता आली असती तर मी पट्ट्यांसकट पुसून टाकली असती.

गुरुदासच्या कानावर ते संध्याकाळच्या आत गेलं. गुरुदास मुंबईत एका साहेबाची गाडी चालवायचा. आता गावी येऊन स्वतःची गाडी घेतलीय, कुडाळ स्टेशन ते मालवण-आचरा अशी पर्यटकांची ने-आण करतो. पांढरा शर्ट, पॉलिश केलेले बूट. बायको सायकलवरून दुसऱ्याच्या घरी रांधायला जाते हेच त्याला खुपत होतं, त्यात माझी भर पडली.

"लोकां माका इचारतत, बायलेक रस्त्याच्या कामाक घातलंस काय म्हणान. तां घालू नको."

 भावाचा शब्द सारिकाला मोडवत नव्हता आणि नवऱ्याचाही. मग तिने मधला मार्ग काढला. जाताना देऊळ मागे पडलं की ती मला सायकलच्या टोपलीतून काढून घालायची, आणि येताना देऊळ यायच्या आत उतरवून, घडी करून, प्लास्टिकच्या पिशवीत टोपलीत ठेवायची. परक्या लोकांत मी तिच्या अंगावर असायचो, आणि आपली माणसं दिसली की पिशवीत. मला राग यायला हवा होता. पण मला लाजच वाटली, कारण मला वाटे, तिचं चुकत नाही. मी आहेच तसा.

वाटेत मात्र मी माझं काम करत होतो. पूर्वी गाड्या तिच्या कोपराला वारा लावून जायच्या, त्या आता थोड्या लांबून जाऊ लागल्या. ती गडग्यापासून हातभर लांब चालवी. वळणावर मान वळवून मागे बघे. गाडीवाल्याची नजर आपल्यावर पडलीय असं दिसलं की मगच पुढे जाई. हे सगळं ती मन लावून शिकली. आणि देऊळ जवळ आलं की सगळं शहाणपण पिशवीत घालून, अंधारात मिसळून चालायला लागायची.

आता आमच्या वाडीची एक रीत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्या रितीपायी घडलं. पावणाईसमोरून कोणी वाहनावर बसून जात नाही. सायकलवाला उतरतो, चपला काढून हातात घेतो, देवळाची हद्द संपेपर्यंत अनवाणी चालतो. मोटारवाल्याला एवढं जमत नाही. म्हणून तो स्टिअरिंगवरचा एक हात कपाळाला लावतो आणि मान खाली घालतो. काही जण डोळेही मिटतात. चालत्या गाडीत, ऐन वळणावर.

त्या संध्याकाळी दिवे लागले नव्हते, आणि उजेडही उरला नव्हता. सारिकाने नेहमीप्रमाणे देवळाच्या अलीकडे मला उतरवलं. पिशवीची गाठ घट्ट बसली नाही, माझा एक पट्टा बाहेर राहिला. तिने चपला काढल्या, हँडलला अडकवल्या आणि देवळाकडे बघत, ओठांत काहीतरी पुटपुटत सायकल ढकलू लागली. अंगावर गडद निळी साडी.

मागून गाडी आली. वळणावर तिचा वेग कमी झाला नाही. मग एकदम ब्रेक किंचाळले आणि सायकलच्या मागच्या चाकाला धक्का बसला. सारिका गडग्याच्या बाजूला पडली, सायकल तिच्यावर, आणि मी पिशवीतून निसटून डांबरावर पडलो. गाडीचा दिवा थेट माझ्यावर होता. आयुष्यात मी इतका कधी झळकलो नाही. सगळं वळण माझ्या उजेडाने भरलं असेल. पण ज्याने बघायला हवं होतं त्याला मी आता, गाडीच्या नाकासमोर दिसत होतो.

"मराक आयलंस काय गो? दिसत नाय?" गाडीवाल्याने काचेतून डोकं बाहेर काढून आरडाओरडा केला.

तो आवाज मी ओळखला. सारिकाने तर ओळखलाच. तिने मान वर केली, तिच्या तोंडावर उजेड पडला, आणि गुरुदास गप्प झाला.

गाडीतून एक पाहुणी बाई घाईने उतरली. "अहो, फार लागलं का? तुमच्या ओळखीच्या आहेत का हो या?"

गुरुदास खाली उतरला होता. पांढऱ्या शर्टात, पॉलिश केलेल्या बुटांत. त्याने सारिकाकडे बघितलं. ती अनवाणी, साडीला माती, टोपलीतला निवासातून आणलेला उरलासुरला भात रस्त्यावर सांडलेला. मग त्याने माझ्याकडे बघितलं. माझी अक्षरं वर आली होती.

"गावातल्याच आहेत," तो शुद्ध मराठीत म्हणाला.

पारावरून महादू धावत आला होता. तो जागच्या जागी थांबला.

"काय लागाक नाय माका," सारिका म्हणाली. उजवा हात तिने पदराखाली घेतला होता. "तुमी जावा. पावण्यांका उशीर होता."

पाहुणीला वाटलं, ती आपल्याशीच बोलतेय. ती दोनदा मागे बघत गाडीत बसली. गुरुदासने गाडी मागे घेतली, मला चुकवून, अगदी सांभाळून वळवली आणि नेली. त्याने मला चुकवलं, ते मला अजून आठवतं. मी रस्त्यावर पडून होतो आणि मला वाटत होतं, माझ्यावरून चाक गेलं असतं तर बरं. आणखी एक सांगतो, सांगायलाही ओशाळं वाटतं. पडल्या पडल्या माझ्या मनात पहिल्यांदा आलं होतं, बघा, घातलं असतं तर! ती बाई तिथे कण्हत होती आणि मला माझं खरं झाल्याचं सुचत होतं.

महादूने सारिकाला उठवलं, सायकलचं वाकलेलं हँडल गुडघ्यांत धरून सरळ केलं, मला उचलून खांद्यावर टाकलं आणि तिला घरी आणलं. सबंध वाटेत तो एक शब्द बोलला नाही. महादू गप्प, हे मी त्या दिवशीच बघितलं.

गुरुदास पाहुण्यांना स्टेशनवर सोडून आला तेव्हा सारिका खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, पायरीवर बसली होती. हात सुजून मनगटाचं हाड कुठे ते कळत नव्हतं. महादू उठला, चप्पल पायांत घातली आणि म्हणाला, "गुरुदासा, तुझ्या गावातल्या त्या बायेक घराक आणून सोडलंय. बघ, ओळखतंस काय."

आणि तो निघून गेला.

गुरुदास तिथेच खाली बसला.  मग म्हणाला, "तेंनी गाडयेत इचारल्यानी, घराक कोण आसा. मी सांगितलंय, बायल घराकच आसता, तिका कामाक जायची गरज नाय. आणि मगे तू समोर..."

"माका दिसलास तुमी," सारिका म्हणाली. "तुमका मी दिसलंय नाय."

"देवीक नमस्कार करी होतंय गो. डोळे मिटलेलंय."

"मी पण तिच्याचसाठी उतारलेलंय." तिने डोळे पुसले, डाव्या हाताने. "हात काय, हात जुळतलो. पण तुमी माका ओळख दिलास नाय."

तो उठला, गाडीचं पुढचं दार उघडलं आणि तिला डॉक्टरकडे घेऊन गेला. मनगट मोडलं होतं. प्लॅस्टर घालून ती परत आली तेव्हा मी पायरीवरच पडलो होतो. गुरुदासने मला बघितलं आणि तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी त्याने मला परसात नेऊन वांग्या-भेंडीच्या वाफ्यात एका काठीला अडकवलं. माकडं येतात म्हणून, असं तो म्हणाला. माझ्याकडे त्याला बघवत नव्हतं, एवढंच खरं.

बुजगावण्याचं जिणं काय सांगू! माकडं दोन दिवस बिचकली. तिसऱ्या दिवशी एक माझ्या खांद्यावर बसून निवांत भेंडी खात होतं. ज्या रंगाला ट्रक थांबायचे त्याला माकडंसुद्धा जुमानत नव्हती. उन्हाने माझा पोपटी रंग फिका पडला. एका पट्ट्याची कड सुटली.

प्लॅस्टर निघालं आणि निवासाच्या मालकीणबाईंचा निरोप आला. सीझन चालू आहे, येतेस का, नाहीतर दुसरी बघते.

"मी गाडयेन सोडतंय तुका," गुरुदास म्हणाला. "रोज."

"आणि तुमची भाडी कोण मारतलो? माझी सायकल बरी आसा." तिने थांबून सांगितलं, "माका त्या कामाची लाज नाय वाटणा. तुमका वाटता."

 गुरुदास परसात आला, काठीवरून मला काढलं आणि विहिरीवर नेलं. कपडे घासायच्या ब्रशने तो माझे पट्टे खसाखसा घासायला लागला, तशी सारिका आतून ओरडली, "ब्रश नको! पट्टो सुटतलो." मग त्याने मला हाताने धुतलं. उलटा करून सावलीत वाळवलं. सुटलेली कड सुईदोऱ्याने वेडीवाकडी शिवली. इतक्या जवळून मला त्याने प्रथमच हाताळलं होतं, आणि मला अवघडल्यासारखं होत होतं.

दुपारी सारिका सायकल घेऊन निघाली. मी तिच्या हातात होतो. दाराशी ती घुटमळली.

"हसतले सगळे," ती म्हणाली.

गुरुदासने मला तिच्या हातातून घेतलं आणि स्वतःच्या अंगात चढवलं. पांढऱ्या शर्टावर. मग तिची सायकल धरून तो पुढे चालू लागला आणि ती मागून. त्याची छाती माझ्याखाली धडधडत होती. कोणी वाटेत भेटलं की त्याचे खांदे आत ओढले जायचे, पण पाय थांबले नाहीत.

पार भरलेला होता. "काय गुरुदास, कामाक लागलंस?" कोणीतरी विचारलं आणि दोघं-तिघं हसले. महादू हसला नाही.

"बायलेक कामाक सोडूक चाललंय," गुरुदास म्हणाला. आवाज जरा चिरकला.

देवळासमोर दोघांनी चपला काढल्या. नमस्कार केला. मग त्याने मला काढून तिथेच, सगळ्यांदेखत, सारिकाच्या अंगात घातलं आणि पुढची पट्टी चिकटवली. तिची मान खाली होती. पाठ तशीच तापलेली, पहिल्या दिवसासारखी. महादू पारावरून उठून जवळ आला.

"मी खड्ड्यांचा बोललंय, तां विसर गो," तो पुटपुटला. "माका कळाक होया होता."

सारिका सायकलवर बसली नाही. देवळाची हद्द संपेपर्यंत ती मला घालून चालली, आणि मग बसली.

तेव्हापासून ती मला घरातून घालते आणि घरातच काढते. सगळं सुधारलं असं मात्र समजू नका. पारावर अजून कोणीतरी टोमणा मारतं. पुष्कळ गाडीवाले अजून वळणावर मान खाली घालून डोळे मिटतात. गुरुदास मात्र गाडी कडेला घेतो, इंडिकेटर लावतो, उतरतो आणि मग हात जोडतो. मागचे हॉर्न वाजवतात, त्याला ते ऐकू येतात, तरी तो पुरता नमस्कार करूनच बसतो.

मी आता म्हातारा झालोय. पट्ट्यांना भेगा पडल्यात, पावसात भिजलो की पूर्वीसारखा झळकत नाही. हीच माझी आताची लाज आहे. सारिका माझ्या भरवशावर वळण घेते, आणि एखाद्या संध्याकाळी मी नुसताच तिच्या अंगावर असेन, दिसणार नाही, याची मला धास्ती वाटते. म्हणून मागणं एवढंच, माझा उजेड गेला की मला पायपुसणं करा. वाईट वाटून घेऊ नका. पण सारिकाला नवं जाकीट आणून द्या. आणि तुमच्या घरातून कोणी सायकलवर जात असेल तर त्यालाही द्या, आणि ते घालून तो निघाला की हसू नका. गाडी हाकत असाल तर देवाला जरा थांबवून ठेवा. आधी रस्त्यावरच्या माणसाकडे बघा.

कालचीच गोष्ट. सारिका परत येत होती, गडग्यापासून हातभर लांब. मागून आलेल्या गाडीने वेग कमी केला आणि ती भरपूर अंतर ठेवून शेजारी आली. काच उघडी होती. आतला पाहुणा विचारत होता, "इकडे बायका असलं जाकीट घालून सायकल चालवतात?"

"ती माझी बायको आहे," गुरुदास म्हणाला. "कामावरून येतेय."

गाडी पुढे गेली. सारिकाने वळून बघितलं नाही, पायडल मारत राहिली. पण माझ्याखाली तिची पाठ सरळ झाली.